गाडीचं पाणी गेलं कुठे? बडोद्याच्या जुन्या गाड्या आणि गळतीचा शोध

बडोद्याच्या मराठी घरांत मोटार आली ती टप्प्याटप्प्याने. आधी राजवाडा आणि सरदार-मानकऱ्यांचे वाडे, मग डॉक्टर-वकील, आणि आम्हां नोकरदारांच्या दारात ती उभी राहिली सत्तर-ऐंशीच्या दशकांत. तीही बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या हातून उतरून आलेली. राजवाड्याच्या गाड्यांवर पुष्कळ लिहून झालंय. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर देशभरातल्या जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पण ज्या फियाट आणि अँबॅसिडरमध्ये आपण पाचांच्या जागी आठ जण बसून पावागढला, डाकोरला आणि पुण्या-नाशिकच्या लग्नांना गेलो, त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

त्या गाड्यांतल्या एकाच गोष्टीवर आज लिहितो. पाणी. पेट्रोल नव्हे, पाणी! तेव्हा गाडी काढायची म्हणजे आधी बॉनेट उघडून पाणी बघायचं, आणि डिकीत पाण्याचा एक डबा ठेवायचा. आमच्या पिढीला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की गाडी पाणी "पिते" असंच आपण म्हणायचो. खरं म्हणजे गाडी पाणी पीत नाही. रेडिएटरमधलं पाणी हे बंद चक्रात फिरणारं पाणी आहे. इंजिनातली उष्णता उचलायची, रेडिएटरमध्ये आणून हवेला द्यायची आणि परत इंजिनात जायचं. ते कमी होत असेल तर ते कुठून तरी बाहेर जातंय, एवढाच त्याचा अर्थ. कुठून, ते शोधणं ही मात्र एक विद्या होती आणि आपल्या गावात ती जाणणारी माणसं होती.

पाण्याची मोटार

थोडं मागे जाऊ. पेट्रोल जळून जी उष्णता होते, त्यातली साधारण एक तृतीयांशच चाकं फिरवायच्या कामी येते. दुसरी एक तृतीयांश धुराड्यातून जाते आणि उरलेली जवळजवळ तेवढीच पाण्याला उचलावी लागते. कार्ल बेंझच्या पहिल्या गाडीत रेडिएटर नव्हताच. पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि वरून नवीन ओतायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझची बायको बर्था आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभरेक किलोमीटर, त्या गाडीने गेली. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास म्हणून तो सांगितला जातो. इंधन तिने वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेतलं ही गोष्ट प्रसिद्ध आहे, पण त्याहून जास्त वेळा तिला थांबावं लागलं ते पाण्यासाठी.

हे पाणी पुन्हा पुन्हा वापरता आलं पाहिजे, हा प्रश्न नीट सोडवला तो विल्हेल्म मायबाख यांनी. १९०१ च्या सुमाराच्या मर्सिडीज ३५ गाडीत त्यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. आठ हजारांवर बारीक नळ्या, नळ्यांतून हवा आणि त्यांच्या भोवती पाणी. थोडक्या पाण्यात काम भागू लागलं. पण त्याबरोबर एक नवी कटकटही जन्माला आली. जितक्या नळ्या तितके सांधे, आणि जितके सांधे तितक्या गळतीच्या जागा.

पुढची पायरी म्हणजे दाबाचं झाकण. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. झाकणात स्प्रिंग बसवून आत दाब धरला तर तेच पाणी आणखी वर जाऊन उकळतं, दर एका पौंडाला साधारण दीड अंश. जुन्या गाड्यांना ७ पौंडांच्या आसपासचं झाकण असायचं, म्हणजे पाणी ११० च्या थोडं पुढे उकळायचं. पुढच्या गाड्यांत १३ ते १५ पौंडांची झाकणं आली आणि तो आकडा १२० च्या जवळ गेला. आपल्या आईच्या स्वयंपाकघरातल्या कुकरचं तत्त्व हेच. पण कुकरची शिटी वाजते तशी रेडिएटरची वाजत नाही. गरम इंजिनावर झाकण उघडलं की दाब एकदम जातो, आणि जे पाणी दाबामुळे गप्प होतं ते क्षणात वाफ होऊन उसळतं. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता तो असाच, मे महिन्यात, भरूचच्या पुलाआधीच्या वाहतुकीत अडकलेला असताना. काटा लाल रेषेवर गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि त्यांनी ओलं फडकं धरून झाकण फिरवलं. सव्वा महिना रजेवर होते. गळतीचा विषय किरकोळ वाटतो खरा, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला हे असतं.

फियाट, अँबॅसिडर आणि आपले रस्ते

आपल्याकडे मुख्यतः दोन गाड्या. हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसिडर, मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बनली. आणि दुसरी वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यातली, मूळची इटलीची फियाट ११००. तिला १९७४ मध्ये "पद्मिनी" हे नाव मिळालं तरी आपण शेवटपर्यंत "फियाट"च म्हणत राहिलो. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, पट्ट्यावर फिरणारा पंखा आणि पंखा ज्या दांड्यावर बसतो त्याच दांड्यावर पाण्याचा पंप.

त्या पट्ट्याच्या पंख्यात एक मेख होती. इंजिन जेवढं फिरेल तेवढाच पंखा फिरणार. हमरस्त्यावर ठीक, समोरून वारा मिळतो. पण गाडी वाहतुकीत उभी राहिली, इंजिन हळू चालतंय, वर उन्हाळा ४३ अंशांचा, की पंखाही हळू आणि वाराही नाही. बडोद्याहून मुंबईकडे निघालं की ही परीक्षा व्हायची नर्मदेवर. १८८१ चा गोल्डन ब्रिज अरुंद, नंतरच्या हमरस्त्याच्या पुलावर ट्रकांच्या रांगा. तिथे दोन-दोन तास अडकलेली कुटुंबं आणि बॉनेट वर करून उभ्या गाड्या हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय. ७ मार्च २०१७ ला भरूचचा केबलवाला नवा पूल सुरू झाला तेव्हा कुठे ती कोंडी सुटली.

दुसरी परीक्षा घाटांची. पुण्याला जायचं तर खंडाळ्याचा घाट, १८३० मध्ये खुला झालेला जुना रस्ता. द्रुतगती मार्ग पूर्ण झाला २००२ मध्ये. तोपर्यंत आपल्या सगळ्या मुंजी-लग्नांच्या वऱ्हाडांनी तो जुना घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढला. नाशिकला जायचं तर सापुतारा, धुळ्याकडे कोंडाईबारी. घाटाच्या कडेला पाण्याच्या टाक्या असत आणि डबे घेऊन उभी असलेली पोरं. ज्या गाडीची गळती गावात आठवड्याला एक तांब्या होती, तीच गाडी घाटात पाच किलोमीटरमध्ये रिकामी होऊ शकत होती. कारण गावात दाब आणि उष्णता दोन्ही कमी असतात. घाटात दोन्ही वाढतात, आणि सांध्यातली केसाएवढी फट मोठी होते.

कलाभवनाची शिकवण आणि रस्त्यावरचे कारागीर

बडोद्यात यंत्राची जाण असलेली माणसं अचानक उगवली नाहीत. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले हे आपल्याला ठाऊक आहे. पुढे कलाभवनातूनच महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंगची शाखा उभी राहिली. त्याच्याही आधी, १८६२ मध्ये, गायकवाडांनी डभोई ते मियागाम ही छोट्या मापाची रेल्वे घातली होती. सुरुवातीला ती बैल ओढायचे, वाफेची इंजिनं नंतर आली. वाफेचं इंजिन म्हणजे तर पाण्याचाच कारभार. बॉयलर कुठे पाझरतो, सांधा कुठे ढिला झाला, हे ओळखणारे हात या शहरात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत गेले. पुढे शहराभोवती कारखाने आले: कोयलीची रिफायनरी, खतांचा कारखाना, पेट्रोकेमिकल्स. तिथे शिकलेले फिटर संध्याकाळी गॅरेजमध्येही हात मारायचे.

रेडिएटरचे कारागीर वेगळे. फियाट-अँबॅसिडरच्या काळातला रेडिएटर तांब्या-पितळेचा. गळती सापडली की तो गाडीतून उतरवायचा, तोंडं बंद करायची, आत पंपाने हवा भरायची आणि पाण्याच्या हौदात बुडवायचा. जिथून बुडबुडे येतील ती जागा खडूने खुणवायची. मग साफ करून, आम्ल लावून, कथलाचा डाग द्यायचा. भांड्यांना डाग देणाऱ्यांचीच ती कला. आतल्या नळ्या क्षारांनी बुजल्या असतील तर वरची टाकी उघडून एकेका नळीतून पातळ सळई घालायची. त्याला "रॉडिंग" म्हणत. बोअरचं खारं पाणी वापरणाऱ्यांच्या रेडिएटरमध्ये ते जास्त वेळा करावं लागे. म्हणून जाणते लोक रेडिएटरमध्ये कॉर्पोरेशनचंच पाणी घालत, पावसाळ्यात कुणी कुणी पत्र्यावरून आलेलं पावसाचं पाणी भरून ठेवत.

घरगुती उपायही चालायचे. त्यात सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे हळद. वाटेत रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद आत टाकायची. ती पाण्याबरोबर फिरते, फटीपाशी जाऊन साचते आणि गळती तात्पुरती थांबते. कुणी अंड्याचा पांढरा बलक टाकत. बाहेरून एम-सील लावणारे तर पुष्कळ. हे सगळं वाटेत अडकलेल्याला घरी पोहोचवायला ठीक. पण जी हळद फट बुजवते ती चांगल्या नळ्याही बुजवते. घरी आल्यावर रेडिएटर धुऊन खरी जागा शोधावीच लागते.

आमच्या पद्मिनीचा हिशेब

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो, कारण शोधाची पद्धत तिच्यातून नीट कळते. १९८८ मध्ये मी नऊ वर्षं जुनी पद्मिनी घेतली होती. १९९१ च्या एप्रिलमध्ये तिचं पाणी कमी होऊ लागलं. मे महिन्यात पुण्याला भाच्याची मुंज, घरचे सहा जण, त्यात माझे सासरे नुकतेच आजारातून उठलेले. घाटात इंजिन तापून हेड वाकलं असतं तर दुरुस्तीला दोन पगार गेले असते. आणि म्हाताऱ्या माणसाला उन्हात रस्त्यावर बसवून ठेवायचं, ते तर पैशात मोजताच आलं नसतं.

एका गॅरेजने गाडी पाच मिनिटं पाहिली आणि रेडिएटरच बदला म्हणून सांगितलं. मी तिथून निघालो आणि आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, पाणी एम ने एम ऊडी नथी जतुं. तमे तो बँकवाळा छो, पहेलां हिसाब लावो."

म्हणून हिशेब लावला. एक वही केली. तारीख, किलोमीटर, किती पाणी घातलं, गाडी गावात चालली की हमरस्त्यावर. रोज सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना पाणी गळ्यापर्यंत भरायचं, त्यापूर्वी नाही. रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरायची आणि सकाळी कागद पाहायचा. आठवडाभरात चित्र स्पष्ट झालं. रात्रीचे कागद कोरडे. गावात फिरलं तर पाणी जेमतेम कमी. पण करजणपर्यंत जाऊन आलं की अर्धा लिटर गायब.

चाचांनी वही पाहिली आणि तिथल्या तिथे निम्म्या शक्यता खोडल्या. गाडी उभी असताना ठिबकत नाही, म्हणजे खालचा होस पाईप, पाणी सोडायची तोटी, रेडिएटरचं तळ हे बहुधा ठीक. गरम असताना आणि दाब असतानाच जातंय. मग तीन वाटा उरतात. झाकण दाब धरत नाही आणि वाफ वरून निघून जाते. किंवा हेड गॅस्केट फुटलंय आणि पाणी सिलिंडरमध्ये जाऊन जळतंय. किंवा अशा जागी गळतंय जिथे ते जमिनीवर पडायच्या आधीच सुकतं.

झाकणाचं रबर पाहिलं, स्प्रिंग दाबून पाहिली, ठीक होती. गॅस्केटसाठी तीन गोष्टी तपासल्या. ऑइलची पट्टी काढून पाहिली. पाणी मिसळलं असतं तर ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असतं, ते काळंच होतं. गाडी सुरू करून मागचा धूर पाहिला. पांढरी दाट वाफ नव्हती. थंड इंजिनावर झाकण काढून गाडी सुरू केली आणि गळ्यात पाणी पाहत उभे राहिलो. सतत बुडबुडे आले असते तर सिलिंडरची हवा पाण्यात येतेय असं ठरलं असतं. ते आले नाहीत. मग पंप पाहिला. गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी. त्याच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर यावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथे ओल नव्हती आणि पंखा हलवून पाहिला तर दांडा घट्ट होता.

उरली तिसरी वाट. त्यासाठी चाचांकडे त्यांचं स्वतःचं साधन होतं. एका जुन्या झाकणाला त्यांनी सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह झाळून घेतला होता. ते झाकण लावायचं, इंजिन थंड ठेवायचं आणि सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरायची. झाकणावर जेवढा दाब लिहिला आहे तेवढाच, त्याहून जास्त नाही, नाहीतर चांगला सांधाही उघडतो. परदेशात यासाठी काट्यासकट हातपंप विकत मिळतो, तत्त्व तेच. थंड इंजिनावर दाब दिला की पाणी गळतं पण सुकत नाही, त्यामुळे दिसतं.

दहा मिनिटं काहीच दिसलं नाही. चाचांनी दाढीचा छोटा आरसा आणि बॅटरी घेतली आणि एक्झॉस्टच्या जाड नळीच्या मागे वाकून पाहू लागले. तिथे इंजिनच्या ब्लॉकवर पत्र्याच्या लहान वाट्या ठोकून बसवलेल्या असतात. ब्लॉक ओततानाची आतली वाळू ज्या भोकांतून काढतात, ती बुजवायला. त्यांना कोअर प्लग म्हणतात. पाणी गोठून ब्लॉक फुटू नये म्हणून त्या असतात असा समज आहे, म्हणून काही जण फ्रीझ प्लगही म्हणतात, पण त्यांचं मूळ काम वाळूचं भोक बंद करणं. त्यातल्या एका वाटीच्या कडेने पाण्याची बारीक रेघ उतरत होती, आणि खाली आधीच्या गळतीचा पांढरट-तांबूस ओघळ सुकलेला. गाडी चालताना एक्झॉस्ट इतकं तापतं की आलेलं पाणी जागच्या जागी वाफ होऊन जायचं. म्हणून जमीन कोरडी, कागद कोरडा, आणि वहीत मात्र अर्धा लिटर तूट.

वाटी आतून गंजून चाळणी झाली होती. एक गेली म्हणजे बाकीच्यांचा भरवसा नाही, म्हणून चाचांनी हाताला लागणाऱ्या सगळ्या बदलल्या, लोखंडीच्या जागी पितळेच्या. प्लगांची किंमत किरकोळ, मजुरी त्यापेक्षा जास्त आणि दोन्ही मिळून नव्या रेडिएटरच्या किमतीच्या जवळपासही नाही. पुण्याला मुंज वेळेवर झाली. सासरे पुढच्या सीटवर खिडकीशी बसून गेले आणि आले.

गावात ग्लायकॉल, गाडीत नळाचं पाणी

ती वाटी गंजली का, याचं उत्तर या शहराच्या इतिहासात एक गंमत सांगून जातं. कूलंट म्हणजे मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंज रोखणारी द्रव्यं. ग्लायकॉल प्रथम एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये शार्ल-अडोल्फ व्युर्त्झ यांनी बनवलं. विसाव्या शतकात थंड देशांनी ते गाडीत घातलं, कारण निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी हे मिश्रण उणे ३५ अंशांच्या खाली जाईपर्यंत गोठत नाही. म्हणून त्याचं नाव पडलं अँटीफ्रीझ. आणि नाव असं म्हटल्यावर बडोद्यात ते कोण घेणार? इथे थंडीत पाणी गोठत नाही, तर पैसे कशाला घालवायचे, हाच हिशेब घरोघरी होता.

पण त्याचे बाकीचे दोन गुण आपल्याच कामाचे होते. ते मिश्रण पाण्यापेक्षा सात-आठ अंश वर उकळतं. आणि त्यातली द्रव्यं लोखंड, तांबं, कथील यांना गंजापासून वाचवतात. नुसतं पाणी वर्षानुवर्षं फिरलं की लोखंडी ब्लॉक आतून गंजतो, तो गंज नळ्यांत साचतो आणि पातळ पत्र्याच्या वाट्या खाऊन टाकतो. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आयपीसीएलच्या आपल्याच बडोद्याच्या संकुलात ग्लायकॉल बनत होतं. ते मुख्यतः पॉलिएस्टरच्या धाग्यासाठी जायचं. तिथे नोकरीला असलेली आपली किती तरी मराठी मंडळी संध्याकाळी घरी येऊन फियाटमध्ये नळाचं पाणी ओतत होती.

मारुती ८०० ने हे बदललं. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली गाडी गुडगावला दिली गेली. विजेवर चालणारा पंखा, पाणी तापलं की आपोआप सुरू होणारा. रेडिएटरच्या शेजारी प्लॅस्टिकची बाटली, म्हणजे तापून फुगलेलं पाणी बाहेर न सांडता बाटलीत जातं आणि थंड झालं की परत येतं. रोज झाकण उघडायची गरजच संपली. १९९६ पासून हालोलला जनरल मोटर्सच्या ओपेल बनू लागल्या, तो कारखाना २०१७ मध्ये बंद पडून पुढे एमजीकडे गेला. या सगळ्या नव्या गाड्यांत कूलंट हा नियम झाला. रेडिएटरही बदलला, अ‍ॅल्युमिनियमचा गाभा आणि प्लॅस्टिकच्या टाक्या. हलका आणि स्वस्त. पण त्याला कथलाचा डाग देता येत नाही. टाकीला चीर गेली की रेडिएटर बदला. हौदात बुडवून बुडबुडे पाहणाऱ्या कारागिरांचं काम तिथून कमी होत गेलं.

रंगाने शोध

आजच्या गॅरेजमध्ये गळती शोधायला कूलंटमध्ये चमकणारा रंग घालतात, गाडी चालवतात आणि जांभळ्या दिव्याखाली पाहतात. गळतीची जागा पिवळ्या-हिरव्या उजेडात चमकते. ही युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे. फ्लुरेसीन हा रंग १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ फॉन बायर यांनी बनवला. १८७७ मध्ये डॅन्यूब नदीचं पाणी जिथे जमिनीत गडप होतं तिथे दहा किलो फ्लुरेसीन ओतलं गेलं. अडीच दिवसांनी बारा किलोमीटरवरच्या आख नावाच्या झऱ्याचं पाणी हिरवंगार झालं. डॅन्यूबच्या काठच्या लोकांचं पाणी दुसऱ्याच नदीला, ऱ्हाइनला, मिळतंय हे त्या रंगाने सिद्ध केलं. पाणी कुठून निघालं हे दिसतं, कुठे पोहोचलं हे दिसतं, मधली वाट दिसत नाही. नदीची असो की गाडीची, अडचण एकच.

जुनी गाडी ज्यांच्या घरी अजून आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगून ठेवतो. १५ वर्षांवरच्या खासगी गाडीच्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाली, तेव्हा "विकून टाकू" हा विषय अनेक घरांत निघाला असणार. पाणी कमी होतं एवढ्याच कारणावर गाडी काढू नका. आधी जागा शोधा. इंजिन थंड असतानाच झाकण उघडा, यात सूट नाही. वही ठेवा. कागद पसरा. होस पाईप हाताने दाबून पाहा, मऊ पडला किंवा कडकडला तर बदला. क्लिपांच्या कडेला पांढरे-हिरवे खडे साचलेत का पाहा. गाडीला हीटर असेल आणि डाव्या सीटखालचं पायपुसणं ओलं, काचेवर तेलकट धुकं, आत गोडसर वास, तर गळती डॅशबोर्डच्या आत आहे, बाहेर शोधून सापडणार नाही. आणि सांडलेलं कूलंट लगेच पाण्याने धुऊन टाका. ग्लायकॉल चवीला गोड आणि अतिशय विषारी असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं जातात. लहान मुलं असलेल्या घरात उरलेली बाटली सरबताच्या जुन्या बाटलीत तर कधीच ठेवू नका.

मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने रस्ता सोडला. आता नव्या गाडीत पाणी कमी झालं तर दिवा लागतो, सर्व्हिस सेंटरवाले बाटली भरून देतात आणि बिल हातात पडतं. गेलं कुठे, हे विचारायचं मात्र राहून जातं. ते विचारा, एवढंच सांगणं. उत्तर येईपर्यंत गाडी परत घेऊ नका.

तुमच्या घरी कोणती गाडी होती? कोणत्या घाटात उकळली? रेडिएटरला डाग देणारे, पंपाचं सील बदलणारे आपल्या गावातले कारागीर कुणाला आठवतात का? त्यांच्या हातच्या युक्त्या खाली जरूर लिहा. त्या लिहून ठेवणारं दुसरं कुणी नाही.